भोईर मॅडम आणि बिनटिंबाचा आय

हेवा करावा असं भोईर मॅडमकडे वरवर पाहता काही नव्हतं. वय पन्नाशीला टेकलेलं, पदवी कॉमर्सची आणि तीही बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली, ऑफिसच्या कागदावर हुद्दा ‘डेटा ऑपरेटर’. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कॉम्प्युटर इंजिनिअर, डिस्टिंक्शनवाला. डोंबिवलीत आमच्या सोसायटीत माझं नाव निघालं की आई जरा ताठ बसायची. आणि तरी वर्तकनगरच्या त्या ऑफिसात सहा वर्षं मी रोज सकाळी साडेनऊपासून ज्यांचा हेवा केला, त्या भोईर मॅडम.

ऑफिस म्हणजे एका बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. लॅबमधलं मशीन रक्त तपासून आकडा देतं, आमचा प्रोग्रॅम तो आकडा उचलून पेशंटच्या नावापुढे बसवतो आणि रिपोर्ट छापतो, एवढंच काम. मालक देवधर सर अर्ध्या खोलीत, आम्ही आठ जण उरलेल्या दोनांत. माझं टेबल आणि मॅडमचं टेबल एकमेकांना चिकटून होतं.

त्यांच्या टेबलावर एक स्टीलची फूटपट्टी असायची आणि एक लाल-निळी पेन्सिल. आम्ही सगळे स्क्रीनवर वाचायचो, त्या यादी छापून घ्यायच्या आणि प्रत्येक ओळीखाली पट्टी सरकवत वाचायच्या. मी एकदा म्हटलं, “मॅडम, एवढा कागद कशाला वाया घालवता?”

“स्क्रीनवर डोळा घसरतो रे माझा,” त्या म्हणाल्या. “कागदावर थांबतो.”

आमच्याकडे येण्याआधी अठरा वर्षं त्यांनी डोंबिवली पूर्वेच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं होतं. इन्स्टिट्यूट बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान आलं, आणि मॅडम आमच्याकडे पेशंटची नावं भरायला आल्या. नावं भरता भरता प्रोग्रॅम वाचायला लागल्या. काही अडलं की सरळ विचारायच्या. “मंदार, हे काय असतं रे?” मी खुर्ची न वळवता, जमेल तितक्या कंटाळलेल्या आवाजात सांगायचो. चार दिवसांनी त्या त्याच गोष्टीबद्दल असा काही प्रश्न विचारायच्या की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागायचं. विचारण्यात त्यांना कसलीच लाज नव्हती. मला होती. मला पहिला हेवा वाटला तो ह्याचा.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. पेशंटचं नाव टाइप केलं की त्याचे जुने रिपोर्ट समोर यावेत, असं शोधायचं पान मी बनवलं होतं. इथे एक साधी गोष्ट सांगायला हवी. इंग्रजीतलं मोठं A आणि छोटं a आपल्याला एकच वाटतात, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. त्यामुळे दोन शब्द जुळवायचे तर आधी सगळी अक्षरं लहान करून घ्यायची आणि मग तुलना करायची. त्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक तयार आज्ञा असते. कॉलेजात हे सुरुवातीच्याच तासांना शिकवतात. आपल्या मराठीला ही भानगडच नाही, आपल्या ‘क’ला मोठा ‘क’ नसतो.

देवधर सरांसमोर मी पान दाखवलं, छोट्या अक्षरांत टाइप करून चार नावं शोधून दाखवली, सर खूश. मग ते म्हणाले, “भोईर मॅडम, तुम्ही एकदा बघा.” मॅडम उभ्याउभ्याच वाकल्या, कॅप्स लॉक दाबलं आणि SUNITA असं टाइप केलं. पान कोरं. यादीत तर अकरा सुनीता होत्या, मॅडमनी स्वतः भरलेल्या.

“एकीकडूनच लहान केलंस वाटतं,” त्या म्हणाल्या. “यादीतलं लहान केलंस, टाइप केलेलं तसंच ठेवलंस. लॅबमधल्या मुली कॅप्स लॉक लावूनच बसतात रे. दोन्हीकडून कर.”

त्यांनी माझी प्रोग्रॅमची ओळ पाहिली नव्हती. तोवर त्यांना तसली ओळ वाचताही येत नव्हती. नुसत्या कोऱ्या पानावरून त्यांनी आतली चूक सांगितली, आणि मी “हो, ते करणारच होतो” असं म्हणालो. ते साफ खोटं होतं.

दुपारी त्या मला समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, “जुन्या टाइपरायटरवर मोठं अक्षर काढायला शिफ्ट दाबावी लागायची. करंगळीने. अख्खं कॅरेज उचललं जायचं, पोरींच्या करंगळ्या दुखायच्या. म्हणून मला वाटतं, ज्याने मोठं अक्षर काढलंय त्याने ते मुद्दाम काढलंय. जुळवायला लहान कर, पण ठेवताना ज्याचं त्याला ठेव.”

मला ते बोलणं तेव्हा फार जुनाट वाटलं. दुसऱ्या वर्षी त्याची किंमत कळली.

आमच्याकडे डॉक्टरांच्या नावांची मोठी यादी होती आणि ती ज्याने भरली त्याच्या लहरीप्रमाणे भरलेली होती. कुणाचं सगळं मोठ्या अक्षरात, कुणाचं सगळं लहान. देवधर सर म्हणाले, साफ कर. मी सगळी नावं आधी लहान केली आणि मग प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं. चार ओळींचा प्रोग्रॅम, अर्ध्या मिनिटाचं काम. यादी कशी युनिफॉर्म घातलेल्या शाळेसारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आणि नेमका मी उचलला.

“मी एमडी आहे,” त्या अतिशय शांतपणे म्हणाल्या. “काल संध्याकाळच्या रिपोर्टवर माझ्या नावापुढे एम मोठा आणि डी छोटा छापलाय. माझं शिक्षण निम्मं का केलंत?”

मग बाकीचेही फोन आले. शेकड्यांनी डॉक्टर होते, प्रत्येकाच्या डिग्र्या, आद्याक्षरं, सगळं मी सपाट केलं होतं. आणि मूळ यादी मी ठेवली नव्हती. मी खुर्चीत नुसता बसून होतो. मॅडमनी त्यांची खुर्ची जरा सरकवली.

“काल तू करायच्या आधी मी त्या रकान्याची कॉपी काढून ठेवलीय. तुझ्या टेबलावर कागद होता ना, काय करणार आहेस त्याचा. तो वाचलेला मी.”

वीस मिनिटांत सगळ्या डिग्र्या जागेवर आल्या. सर्वांनी मॅडमना चहा दिला. मी आभार मानले, अगदी नीट मानले, आणि घरी जाताना रस्ताभर मनात एकच चाललं होतं, ह्यांनी आधीच का नाही सांगितलं. मला तोंडावर पडू दिलं आणि मग उचललं. खरं म्हणजे त्यांनी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, आणि हे त्यांना माहीत होतं. त्याचाच राग जास्त होता.

हेव्याचं असं असतं की एकदा लागला की तो कशालाही चिकटतो. मॅडम डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठच्या एका गावातल्या. वाडवडिलांची भातशेती आणि मिठागरावरचं काम. भावांनी जमीन बिल्डरला दिली होती आणि आता त्या शेतात बावीस मजले उभे होते. ऑफिसात त्यांच्यामागे लोक म्हणायचे, हिला नोकरीची काय गरज. मी एकदा तोंडावरच विचारलं.

“घरी बसून काय करू?” त्या म्हणाल्या. “टॉवर मोजू?”

आईचा फोन आला की त्यांचा आवाज बदलायचा, खाली उतरून सैल व्हायचा. “आये, मना येवाला उशीर व्हईल. तू जेव. माझी वाट नको बघू.” फोन ठेवला की पुन्हा आमच्यासारखं बोलणं. मला त्या दुसऱ्या आवाजाचाही हेवा वाटायचा. माझ्याकडे घरी, दारी, ऑफिसात एकच आवाज होता, आणि तो सतत काहीतरी सिद्ध करत असायचा.

पाचव्या वर्षी देवधर सरांनी जाहीर केलं की काम वाढलंय, एक टीम लीड नेमायचा आहे. “तुमच्या दोघांपैकीच कुणीतरी,” ते मला आणि मॅडमना म्हणाले. मॅडम तोवर आमच्यातल्या कुणाहीइतका चांगला प्रोग्रॅम लिहीत होत्या, हुद्दा मात्र ऑपरेटरचाच होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नेमणूक झाली नाही तर घरी काय सांगायचं ह्यापेक्षा, मला मॅडमना रिपोर्ट करावं लागेल हेच डोळ्यांसमोर येत होतं.

त्याच महिन्यात विठ्ठलवाडीच्या लॅबचं प्रकरण झालं.

तिथे नवं मशीन बसवलं होतं. मशीनबरोबर त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर आला होता, त्यावरच आमचा प्रोग्रॅम टाकला होता. दुसऱ्या दिवसापासून तक्रार. रिपोर्ट येतायत, पण त्यातले काही आकडे येत नाहीत. साखर येते, युरिया येतो, बिलिरुबिनच्या जागी मात्र कोरं. बिलिरुबिन म्हणजे काविळीची तपासणी, आणि त्या लॅबच्या शेजारीच बाळंतिणींचं हॉस्पिटल. तीन-चार दिवसांच्या बाळांच्या टाचेतून रक्त घ्यायचे, रिपोर्ट कोरा निघाला की पुन्हा टोचायचे. लॅबचे तंत्रज्ञ फोनवर मला म्हणाले, “साहेब, माझ्या ड्युटीत मी मशीनवरचा आकडा बघून हाताने लिहितोय. पण एका वेळी आठ बाळं असली आणि माझी एक ओळ चुकली तर? एका बाळाला काविळीच्या दिव्याखाली ठेवायचं राहिलं तर?”

मी तीन दिवस त्याच्यामागे लागलेलो. तार बदलून पाहिली, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, विठ्ठलवाडीला जाऊन मशीनसमोर बसून आलो. आमच्या ऑफिसात तेच सगळं नीट चालायचं. तिथे गेलं की कोरं. एका बाळाचा बाप लॅबच्या काउंटरवर उभा होता, दुसऱ्यांदा टोचायला बाळ आणलं होतं. दुपट्यातली टाच अंगठ्याने चोळत उभा होता. मी खाली मान घालून तार तपासत राहिलो.

चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “मंदार, कुठल्या तपासण्या येतात आणि कुठल्या नाही, दोन याद्या छापून दे.”

मला त्यांना द्यायची नव्हती. पण बाळांचा प्रश्न होता, दिली. त्यांनी पट्टी ठेवली आणि मशीन पाठवतं ती नावं वाचायला लागल्या. GLU येतं. UREA येतं. CREA येतं. BILI येत नाही. IRON येत नाही. LIPASE येत नाही.

“न येणाऱ्या सगळ्यांत आय आहे,” त्या म्हणाल्या. “येणाऱ्या एकातही नाही.”

मी हसलो असेन. अक्षरामुळे तपासणी अडते, हे काय कारण झालं. त्या म्हणाल्या, “आपला प्रोग्रॅम मशीनचं नाव लहान करून मग आपल्या यादीशी जुळवतो ना? लहान केल्यावर काय होतं ते छाप.” मी विठ्ठलवाडीच्या कॉम्प्युटरवरून तो कागद मागवला. मॅडमनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाजवळ धरला.

“याच्या डोक्यावर टिंब नाही.”

“प्रिंटर खराब असेल,” मी म्हटलं.

“प्रिंटर एवढ्या शिस्तीत टिंब गाळत नाही रे. बाकी सगळ्या पानावर टिंबं आहेत, ह्या शब्दांतच नाहीत. हा आपला आय नाही. कुठल्यातरी भाषेत असा बिनटिंबाचा आय असणार. बघ जरा इंटरनेटवर.”

मी बघितलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तुर्की भाषेत दोन आय आहेत, एक टिंबाचा, एक बिनटिंबाचा, आणि तिथे मोठ्या I चं लहान रूप बिनटिंबाचं होतं. मशीनबरोबर आलेला कॉम्प्युटर तुर्कस्तानातल्या कुणासाठी तरी तयार करून ठेवलेला होता आणि त्याचं भाषेचं सेटिंग, ज्याला आमच्या धंद्यात लोकेल म्हणतात, ते कुणी बदललं नव्हतं. लहान करायची आमची आज्ञा कॉम्प्युटरला विचारत होती की तुझ्या भाषेत कसं लहान करतात, आणि तो प्रामाणिकपणे तुर्कीत करून देत होता. त्या शब्दाशी आमचा टिंबाचा bili जुळायचा नाही, म्हणून आकडा गळायचा. उपाय एका शब्दाचा होता. आज्ञेला सांगायचं, कॉम्प्युटरची भाषा विचारू नकोस, ठरलेल्या एकाच नियमाने लहान कर. मी तो शब्द घातला. दहा मिनिटांत विठ्ठलवाडीहून फोन आला, बिलिरुबिन यायला लागलं.

देवधर सर त्या दिवशी पुण्याला होते. त्यांचा फोन माझ्याच मोबाइलवर आला.

“सुटलं म्हणे. काय होतं?”

“सर, लोकेलचा प्रॉब्लेम होता. तुर्की सेटिंग होतं.” मी सगळं समजावून सांगितलं. फार छान सांगितलं.

“कमाल आहे. कुणी शोधलं?”

“मी, सर.”

मॅडम माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांच्या कीबोर्डचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्याच वेगाने. इंटरनेटवर मीच शोधलं, दुरुस्ती मीच केली, तुर्की हा शब्द त्यांनी काढलासुद्धा नव्हता, अशी सगळी वाक्यं मी फोन ठेवायच्या आत तयार ठेवली होती. त्या काही विचारतील म्हणून. त्यांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, कदाचित एखादं वाक्य कमी.

पुढच्या महिन्यात मी टीम लीड झालो. आईने पेढे वाटले. वर्षभराने मॅडमनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी टीम लीड म्हणून मीच बोललो. त्यांची चिकाटी, त्यांचा वक्तशीरपणा, त्यांची पट्टी, सगळ्यांवर बोललो. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. बुद्धी हा शब्द मी वापरला नाही. जिभेवर आला होता, गिळला.

त्या गेल्यावर हेवा जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही. काही अडलं की मी मनातल्या मनात त्यांच्या टेबलाकडे बघायचो आणि मग चिडायचो. एक समजूत मात्र मी जपून ठेवली होती. त्या मोठ्या मनाच्या होत्या, म्हणून गप्प राहिल्या. ही समजूत मला सोयीची होती. समोरचा मोठ्या मनाचा असला की आपल्याला फारसं काही करावं लागत नाही.

तीन वर्षांनी कल्याणला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी आमचं सॉफ्टवेअर दाखवायला गेलो. टेबलापलीकडे तिघं बसलेली. एक डॉक्टर, एक ट्रस्टी, आणि मधे भोईर मॅडम. हॉस्पिटलचा सगळा कॉम्प्युटर विभाग त्यांच्या हाताखाली होता. केस पांढरे झाले होते आणि त्यांनी ते तसेच ठेवले होते.

“ये मंदार,” त्या म्हणाल्या. “बस. दाखव.”

मला वाटलं, आता हिशेब होणार. त्यांनी तासभर प्रश्न विचारले. एकही प्रश्न मला पाडायला विचारलेला नव्हता, आणि एकही सोपा नव्हता. दोन ठिकाणी मला “बघून सांगतो” म्हणावं लागलं. ते त्यांनी लिहून घेतलं. शेवटी डॉक्टर आणि ट्रस्टींकडे वळून त्या म्हणाल्या, “चांगलं आहे. मी ह्याचं काम जवळून बघितलंय. ह्या दोन गोष्टी करून दिल्या तर घेऊ आपण.”

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी सुटलो असतो.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मी त्यांना थांबवलं. आठवडाभर पाठ करून आल्यासारखं बोललो, कारण खरंच तीन वर्षं पाठ करत होतो. “मॅडम, ते विठ्ठलवाडीचं. सरांना मी सांगितलेलं की मी शोधलं. ते तुम्ही शोधलेलं. आणि तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“मी बोललेले,” त्या म्हणाल्या. “सर पुण्याहून आले त्याच दिवशी. तू बाहेर चहाला गेलेलास, मी केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, टिंब दिसणं वेगळं आणि लोकेल कळणं वेगळं. तुमची नजर चांगली आहे, त्याबद्दल थँक यू.”

मी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“लोकेल हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता हे खरंय,” त्या म्हणाल्या. “मग वर्षभरात तो सगळा विषय वाचून काढला आणि इथे अर्ज केला. मोठेपणा वगैरे काही नाही रे. मला खूप राग आलेला. तुझा कमी, त्यांचा जास्त. पण तुझापण आलेला.”

“सॉरी, मॅडम.”

“हं,” त्या म्हणाल्या. “बघू.”

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून एक नर्स डोकावली. “मॅडम, भाकरी गार होतेय. चालू करू का आम्ही?”

“नको गं, आले.” मग मला म्हणाल्या, “त्या दोन गोष्टी सोमवारपर्यंत पाठव.” आणि गेल्या.

दार अर्धं उघडं होतं. आत एका लांब टेबलाभोवती पाच-सहा बायका डबे उघडून बसल्या होत्या. मधली एक खुर्ची रिकामी होती. मॅडम बसल्या तशी कुणीतरी सुकटीचा डबा त्यांच्यापुढे सरकवला, कुणीतरी काहीतरी बोललं, आणि मॅडम हसल्या. मोठ्याने, मान मागे टाकून, टेबलावर हात आपटून. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि हे हसणं मला ठाऊकच नव्हतं. मी बॅग धरून तिथे जरा वेळ उभा राहिलो. खरं सांगायचं तर तेव्हाही मला हेवाच वाटला, त्या टेबलाभोवतीच्या बायकांचा.